नील दाखला मिळेपर्यंत

४ ऑगस्ट २०२५ला रात्री पावणेनऊ वाजता मी भावजयीच्या मोबाईलवरून ५,३०३ रुपये भरले, फोन मशिनच्या फळीवर ठेवला आणि मुलाला म्हटलं, "चल, जेवू. आज सुटलो." कर्जाच्या तीन हप्त्यांतला तो शेवटचा. मुदत ५ तारखेची होती, मी एक दिवस आधीच भरला होता. त्या रात्री लागली तशी झोप पुढे दिवाळीपर्यंत लागली नाही.

कर्ज घेताना काय बघावं हे सांगणारे खूप भेटतात. हप्ता थकला तर काय होतं हेही सगळ्यांना माहीत असतं. हप्ते वेळेवर भरूनही माणूस कसा अडकतो, ते मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून जे घडलं ते तारखांसकट लिहिते आहे.

मी सोलापुरात नीलम नगर भागात राहते. पुढच्या खोलीत चार मशिनी टाकल्या आहेत आणि शाळेचे गणवेश शिवून देते. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण गणवेशाचं काम इथं गल्लोगल्ली चालतं. कटिंग केलेला माल शेठकडून येतो, आम्ही शिवतो, काजबटण करून, धागे कापून परत देतो. मजुरी पीसवर. मार्च ते जून असा सीझन असतो, आणि त्या चार महिन्यांत वर्षभराचं पोट भरतं. माझ्याकडे तीन बायका कामाला येतात. त्यांचा हिशोब दर शनिवारी चुकता करावाच लागतो. शेठचे पैसे मात्र शाळा सुरू होऊन दुकानदारांची वसुली झाली की येतात, म्हणजे कधी जुलै, कधी ऑगस्ट.

मे महिन्यात ओव्हरलॉक मशिनची मोटर जळाली आणि त्याच आठवड्यात पगाराला पैसे कमी पडले. बचत गटाची बैठक महिन्याच्या शेवटी होती. सोनं आधीच गहाण होतं. मुलाने ॲप दाखवलं, आणि ३ मेला वीस मिनिटांत कर्ज खात्यावर आलं. कागदावर १५,०००. प्रोसेसिंग फी ९०० आणि तिच्यावरचा जीएसटी १६२ कापून हातात आले १३,९३८. व्याज महिना तीन टक्के, ५ जून, ५ जुलै आणि ५ ऑगस्ट असे तीन हप्ते. पहिले दोन खात्यातून आपोआप गेले. त्याला मँडेट म्हणतात. कर्ज घेताना आपण ओटीपी टाकून कंपनीला परवानगी देतो, की ठरलेल्या तारखेला माझ्या खात्यातून एवढी रक्कम ओढून घ्या.

तिसऱ्या हप्त्याच्या वेळी खात्यात ११०० रुपयेच होते. म्हणून ४ तारखेला मी भावजयीकडून पैसे घेतले आणि तिच्याच फोनवरून ॲपमधल्या 'आता भरा' या बटणावर हप्ता भरला. पैसे गेल्याचा मेसेज आला, बारा आकडी व्यवहार क्रमांक आला. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला बँकेचा मेसेज: मँडेट परत गेलं, खात्यात पुरेशी रक्कम नाही. पाठोपाठ दुसरा: रिटर्न चार्ज ५९० रुपये वजा. ११०० चे ५१० राहिले. ॲप उघडलं तर वर लाल पट्टी. हप्ता थकला आहे, ताबडतोब ५,८९३ भरा. म्हणजे हप्ता ५,३०३, वर त्यांचेही बाऊन्सचे ५९०. खाली बारीक अक्षरात माझं आदल्या रात्रीचं पेमेंट दिसत होतं, त्याच्यापुढे लिहिलं होतं 'प्रक्रियेत'.

हे असं का झालं ते मला नंतर बँकेतल्या एका बाईंनी नीट समजावलं. हप्त्याच्या तारखेच्या एक-दोन दिवस आधीच कंपनी मँडेटची यादी बँकेकडे पाठवून देते. एकदा यादी गेली की तुम्ही दुसऱ्या मार्गाने भरलेले पैसे ती यादी थांबवत नाहीत. त्यातून ॲपच्या बटणावरून भरलेले पैसे मधल्या पेमेंट कंपनीमार्फत फिरून कर्जखात्यावर नोंदले जायला वेळ लागतो. दोन्ही गाड्या वेगवेगळ्या रुळांवर, आणि फाटकात मी उभी. मँडेट चालू असेल तर शेवटचा हप्ता खात्यातूनच जाऊ द्यावा, किंवा निदान चार-पाच दिवस आधी भरून 'या महिन्याचं मँडेट लावू नका' असं लेखी मागावं. मला हे माहीत असतं तर भावजयीचे पैसे मी माझ्या खात्यात भरले असते, बस्स.

८ ऑगस्टला, शुक्रवारी, शेठने जुलैच्या बाकीतले ९,००० टाकले. दुसऱ्या दिवशी राखी. भाऊ गावाकडून येणार होता, बायकांचा आठवडा द्यायचा होता. संध्याकाळी चारच्या सुमाराला फोन वाजला आणि ५,३०३ गेले. मँडेट पुन्हा लावलं होतं. एकच हप्ता माझ्याकडून दोनदा वसूल झाला होता आणि खात्यात ४,२०७ उरले होते. तरीही ॲपवरची लाल पट्टी गेली नाही. आता ती म्हणत होती, थकबाकी ९४४. बाऊन्सचे ५९०, उशिराबद्दल दंड ३००, आणि दंडावर जीएसटी ५४. त्यांच्या वहीत ८ तारखेचे पैसे ऑगस्टचा हप्ता म्हणून तीन दिवस उशिरा जमा झाले होते. आणि ४ तारखेचे माझे पैसे कुठल्याच खात्यावर न चढता नुसते पडून होते. माझेच ५,३०३ त्यांच्याकडे असताना ते माझ्याकडे ९४४ मागत होते.

नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. आमच्याकडच्या दोन बायका पद्मशाली समाजाच्या, त्यांच्यासाठी तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. आम्ही सगळ्याच रथाला गेलो होतो. गर्दीत ढोल-ताशांच्या आवाजात शेठचा फोन आला. आधी काही कळेना. बाजूच्या बोळात जाऊन ऐकलं. "ताई, मला एक पोरगा फोन करतोय. म्हणतो तुम्ही कर्ज बुडवलंय, मी तुमचा जामीन आहे, मी भरावं. काय भानगड आहे?"

अर्ज भरताना ओळखीच्या दोन माणसांचे नंबर मागितले होते, त्यात मी भावाचा आणि शेठचा दिला होता. शेठ जामीन नव्हतेच. पण हे त्यांना समजावताना माझ्या तोंडातून शब्द फुटेना. बारा वर्षं त्यांच्याकडून माल आणते. एक वार कापड इकडचं तिकडे झालं नाही. माझ्या हातात माल द्यायचा की नाही हे ते माझ्या शब्दावर ठरवतात, आणि त्या पोराने तो शब्दच खोटा पाडला होता. त्या बोळात एका बंद दुकानाच्या पायरीवर मी बसून राहिले. मनात एकच आलं, ९४४ तर आहेत, भरून टाकावेत आणि विषय संपवावा.

मी ते भरले नाहीत, याचं श्रेय माझं नाही. माझे वडील गेले त्याला आता सहा वर्षं झाली. मोहोळ तालुक्यात आमची थोडी जमीन होती आणि दरवर्षी गावच्या सोसायटीचं पीककर्ज असायचं. मार्चअखेर कर्ज भरून आले की ते पावती दाखवून समाधान मानायचे नाहीत. सचिवाच्या मागे लागून नील दाखला, म्हणजे बाकी शून्य असल्याचं लेखी पत्र, घ्यायचे आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. आई वैतागायची, पैसे भरले ना आता, कशाला खेटे घालता. ते म्हणायचे, फेडलं ते मला माहीत, मिटलं ते सोसायटीने लिहून द्यायला पाहिजे. त्या पायरीवर मला ती पेटी आठवली. ९४४ भरले असते तर चूक माझीच होती असं मीच लिहून दिल्यासारखं झालं असतं, आणि दाखला तरीही मिळाला नसता.

त्या रात्री मी बायकांच्या हजेरीची वही घेतली आणि मागच्या पानापासून लिहायला लागले. तारीख, वेळ, कुठल्या नंबरवरून फोन, कोण बोललं, काय म्हणालं. ९ ऑगस्ट, सायंकाळी ७.४०. १० ऑगस्ट, सकाळी ७.१५. त्याच दिवशी रात्री ९.०५. पुढे हीच पानं सगळ्यात जास्त कामाला आली. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात वसुलीच्या फोनची वेळ सकाळी ८ ते सायंकाळी ७ अशी ठरवून दिली आहे. कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना किंवा संदर्भ म्हणून नाव दिलेल्या माणसांना त्रास देऊ नये हेही त्यातच आहे. माझ्या वहीतल्या पहिल्या तीन नोंदींपैकी एकही वेळेत नव्हती.

११ तारखेला सोमवारी शेठच्या पेढीवर गेले. लाज बाजूला ठेवून सगळं सांगितलं. शेठ फार बोलले नाहीत, पण हिशोब बघणाऱ्या काकांना म्हणाले, "काका, ताईंचे कागद बघा जरा." काका जुने, जीएसटीची विवरणपत्रं भरणारे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पैसे दिले कुणी? ॲपने की कंपनीने?" मी म्हटलं, ॲपने. त्यांनी माझ्या मेलमधला करार शोधून काढला. ॲप नुसतं मध्यस्थ होतं. कर्ज देणारी बिगरबँक वित्तीय कंपनी वेगळीच होती, तिचं नाव मी तीन महिन्यांत एकदाही वाचलं नव्हतं. करारासोबत की फॅक्ट स्टेटमेंट नावाचं पत्रक होतं. त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर दिला होता, ८० टक्क्यांच्या वर. महिना तीन टक्के म्हणून घेतलेलं कर्ज फी धरली की एवढ्याला पडतं. ते पत्रक मी मे महिन्यात उघडायला हवं होतं, ऑगस्टमध्ये उघडलं.

त्याच पत्रकाच्या शेवटी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, फोन आणि मेल होता. काका म्हणाले, ॲपच्या चॅटवर डोकं फोडू नका, तिथं यंत्र बोलतं. तक्रार कंपनीच्या या माणसाकडे करायची, आणि मेलनेच. त्यांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या. दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२३चा नियम आहे. आणि वित्तीय कंपनी उशिराबद्दल जो दंड घेते त्यावर जीएसटी लागत नाही, असा सरकारी खुलासा जानेवारी २०२५ मध्येच झाला होता. म्हणजे ते ५४ रुपये मुळातच चुकीचे. चोपन्न रुपयांसाठी कोण भांडतं, असं मला वाटलं. काका म्हणाले, "रकमेसाठी नाही ओ. त्यांचा हिशोब चुकू शकतो हे यातून दिसतं."

मेल आम्ही मराठीत विचार करून सोप्या इंग्रजीत लिहिला. कर्जखाते क्रमांक. ४ ऑगस्टचं पेमेंट, बारा आकडी क्रमांक, पावतीचा फोटो. ८ ऑगस्टला गेलेले पैसे, बँकेच्या उताऱ्यासह. मग चार मागण्या: जादा घेतलेला हप्ता परत करा, बँकेने कापलेले ५९० भरून द्या, खातं बंद करून बाकी नसल्याचा नाहरकत दाखला द्या, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट कंपन्यांकडे बंद म्हणून कळवा. रागाचा एकही शब्द घातला नाही. तो मेल मी जपून ठेवला आहे, त्यानंतर गल्लीतल्या चार जणींना त्यावरूनच लिहून दिलं.

तिथून उठून बँकेत गेले. मँडेट बंद केलं नाही तर पुन्हा ओढतील ही भीती होती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, कर्ज कंपनीचा दाखला आणा, मग रद्द करू. दाखला मिळत नाही म्हणून तर आले होते. मॅनेजर मॅडमना भेटले, तिन्ही हप्त्यांच्या नोंदींवर पेनने खुणा करून दाखवल्या. त्या म्हणाल्या, खातं तुमचं, परवानगी तुमची, तुम्ही ती मागे घेऊ शकता. फॉर्ममध्ये मँडेटचा वीस अक्षरांचा नोंदणी क्रमांक लागतो. तो ॲपमध्ये कुठंच दिसत नाही, बँकेच्या नेट बँकिंगमध्ये मँडेटच्या यादीत मिळतो. तिथं पाहिलं आणि मी चकितच झाले. माझ्या ५,३०३च्या हप्त्यासाठी मी परवानगी दिली होती दर वेळी १५,००० पर्यंत ओढायची, आणि मुदत होती २०३० पर्यंत. तीन महिन्यांच्या कर्जाला पाच वर्षांची परवानगी! मॅडमनी फॉर्मच्या प्रतीवर शिक्का मारून दिला. दोन दिवसांत मँडेट रद्द झाल्याचा मेसेज आला, आणि ५ ऑगस्टनंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा निवांत चहा प्याले.

कंपनीकडून मात्र 'आपली तक्रार नोंदवली आहे' यापलीकडे काही येईना. फोन चालूच. मी प्रत्येकाला एकच वाक्य बोलायला शिकले: "तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि तुम्ही कुठल्या एजन्सीचे, तुमचं नाव काय ते सांगा." नाव विचारलं की निम्मे जण फोन ठेवत. एकाने मात्र शिवी दिली, आई काढली. मी वहीत वेळ लिहिली. हात थरथरत होता, त्या नोंदीतलं अक्षर अजून ओळखू येतं.

हे सगळं चालू असताना आमच्याकडे काजबटण करणारी बाई दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती डोळे सुजलेले. "अक्का, तुमच्यासारखंच झालंय माझं." माझ्यासारखं नव्हतं, त्याहून फार वाईट होतं. तिने मेसेजमधल्या लिंकवरून एक ॲप टाकलं होतं. ते प्ले स्टोअरवर नव्हतंच. तिथल्या नियमात, सगळं कर्ज ६० दिवसांच्या आत फेडायला लावणाऱ्या ॲपला जागा नाही. या ॲपची मुदत सात दिवसांची होती. ३,००० मंजूर, हातात १,८००. तिने सहाव्या दिवशीच पूर्ण ३,००० भरले. आठव्या दिवशी न मागता पुन्हा १,८०० खात्यावर आले आणि सात दिवसांनी ३,००० ची मागणी. घाबरून तिने तेही भरले. तिसऱ्यांदा पुन्हा पैसे आले. या वेळी तिने नकार दिला, तेव्हा तिच्या आधार कार्डावरचा फोटो, खाली 'चोर' असं लिहून, तिच्या दिराला आणि मुलीच्या क्लासच्या बाईंना गेला. ॲप टाकताना फोनमधले सगळे नंबर आणि फोटो बघायची परवानगी तिच्याकडून घेतलेली होती. नियमाप्रमाणे चालणाऱ्या कर्जाच्या ॲपला ती मागताच येत नाही.

रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०२५पासून आपल्या वेबसाइटवर कर्जाच्या ॲपची यादी ठेवली आहे. कुठलं ॲप कुठल्या बँकेसाठी किंवा कंपनीसाठी काम करतं ते त्यात दिसतं. माझं ॲप त्यात सापडलं. तिचं नाही. म्हणजे माझ्या भांडणाला समोर कुणीतरी होतं, पत्ता होता, वर दाद मागायची जागा होती. तिच्या समोर कुणीच नव्हतं. दाखला कुणाकडे मागणार?

मी तिच्यासोबत सायबर पोलीस ठाण्यात गेले. त्याआधी रात्री आम्ही सायबर फसवणुकीच्या मदतीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर फोन केला होता आणि सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली होती. ठाण्यातल्या हवालदारांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, आणखी एक रुपया भरू नका. जो भरतो त्याच्याकडेच पुन्हा मागतात. ॲप काढून टाकायची घाई करू नका, आधी सगळ्या चॅटचे, नंबरांचे, ज्या खात्यांवर पैसे पाठवले त्यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग परवानग्या बंद करा आणि काढा. न मागता आलेले १,८०० वेगळे ठेवा, तक्रारीत लिहा, त्यांच्या लिंकवर परत करू नका. आणि शेवटी जे म्हणाले ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. "तुमच्या ओळखीच्यांना तुम्हीच आधी मेसेज करा, की माझा फोन नंबर आणि फोटो वापरून कुणीतरी खोटे मेसेज पाठवतंय. लोकांना तुमच्याकडून कळलं की त्याच्या धमकीत काही उरत नाही."

आम्ही तिथंच बाकावर बसून तो मेसेज लिहिला. ती सांगत होती, मी टाइप करत होते. पाठवायच्या बटणावर तिचं बोट दोन मिनिटं नुसतं थांबलं होतं. मग तिने डोळे मिटून दाबलं. पहिलं उत्तर क्लासच्या बाईंचं आलं: "काळजी करू नका, मी तो फोटो डिलीट केलाय." ती तेव्हा रडली. सुमारे तीन आठवड्यांनी ते मेसेज थांबले. तिने जास्तीचे भरलेले पैसे परत मिळालेले नाहीत.

इकडे गणपती बसले आणि माझ्या कर्जाच्या बाबतीत नवाच धक्का आला. काजाच्या मशिनसाठी बँकेत मुद्रा कर्जाचा अर्ज केला होता. साहेब म्हणाले, तुमच्या नावावर थकबाकी दिसते. सिबिल या क्रेडिट कंपनीचा अहवाल काढला तर ते कर्ज चालू, थकीत रक्कम ९४४ वरून वाढून १,४१६, आणि पुढे किती दिवस थकलं त्याचा आकडा. मी दोनदा भरलेल्या हप्त्याने माझं नाव खराब केलं होतं. आपल्या देशात अशा चार क्रेडिट कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मी चारही काढले. दोघींकडे हीच चुकीची नोंद होती.

गौरी उठल्यावर ३ सप्टेंबरला मी दोन्हीकडे ऑनलाइन तक्रार टाकली. क्रेडिट कंपनी स्वतः नोंद बदलत नाही, ती कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारते. पण ३० दिवसांत तक्रार मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात, हा नियम २६ एप्रिल २०२४पासून लागू आहे. त्यासाठी बँक खात्याचा तपशील तक्रारीतच द्यायचा. काकांनी सांगितलं नसतं तर मी तो रकाना रिकामाच सोडला असता.

११ ऑगस्टच्या मेलला ३० दिवस झाले तरी धड उत्तर नव्हतं. १२ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर तिच्या लोकपालाकडे, म्हणजे बँका आणि वित्तीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार केली. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केल्याचा आणि ३० दिवस थांबल्याचा पुरावा लागतो. थेट गेलात तर परत पाठवतात. मुलाने अर्ज भरला, मी हजेरीच्या वहीची सात पानं फोटो काढून जोडली.

नंतरचं सगळं इतक्या पटापट झालं की महिनाभराचा त्रास आठवून राग आला. सहाव्या दिवशी कंपनीतून एका बाईंचा फोन आला, मराठीत, दुपारी बारा वाजता. त्यांना माझी पावती दुसऱ्याच मिनिटाला सापडली. २६ सप्टेंबरला ५,८९३ खात्यावर आले, म्हणजे जादा हप्ता आणि बँकेने कापलेले ५९०. २९ तारखेला नाहरकत दाखला मेलवर आला. मी तो तसाच स्वीकारला नाही. कर्जखाते क्रमांक बरोबर आहे ना, 'बाकी शून्य' लिहिलंय का, बंद झाल्याची तारीख कुठली, हे तपासलं. तारीख ८ ऑगस्ट होती. मी परत मेल केला, मी ४ ऑगस्टला भरलं आहे. ३ ऑक्टोबरला सुधारलेला दाखला आला. तीन-चार दिवसांच्या फरकासाठी एवढं कशाला, असं मुलगा म्हणाला. पण ८ तारीख राहिली असती तर अहवालात मी हप्ता उशिरा भरला असंच राहिलं असतं, आणि मी तो उशिरा भरला नव्हता.

क्रेडिटची नोंद १५ ऑक्टोबरला सुधारली. ३० दिवस ३ तारखेला संपले होते, वर १२ दिवस गेले. वसुबारसेला १,२०० रुपये जमा झाले. मधल्या काळात एकाचा फोन आला होता, १,१८० भरा, सिबिल आठ दिवसांत साफ करून देतो. माझी तक्रार कुठं आहे हे त्याला कसं कळलं देव जाणे. मी त्याचाही नंबर वहीत लिहिला.

दाखल्याची प्रिंट काढून शेठच्या पेढीवर नेली. त्यांनी मागितली नव्हती. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली, काकांकडे दिली, आणि म्हणाले, "पुढच्या सीझनचं सॅम्पल आलंय ताई, जाताना घेऊन जा."

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी कामाला येणाऱ्या बायकांना आणि शेजारणींना सांगितलं, आपापले फोन आणि बँकेचं पुस्तक घेऊन या. मुलाने प्रत्येकीच्या खात्यातली मँडेटची यादी उघडली. सात फोन होते. तीन फोनांत, कधीच फेडून झालेल्या कर्जांची मँडेट चालू होती, एक तर फ्रीजच्या हप्त्याचं, २०२२ साली संपलेलं. काजबटणवाली बाई म्हणाली, "अक्का, यांना पण ते चार मागण्यांचं लिहून द्या की." मशिनवरचा माल बाजूला केला, हजेरीची वही उघडली आणि पहिल्या बाईचा कर्जखाते क्रमांक लिहून घेतला.